काळ्या रानातील शेजार

वृक्षास संस्कृतात ‘पादप’ असे एक नाव आहे. जो पायांनी पितो, तो पादप. हा शब्द ज्याने घडविला त्याची दृष्टी मोठी मार्मिक असली पाहिजे. पशुपक्ष्यांस तहान लागली म्हणजे ते पाण्याकडे जातात; वनस्पतीस मात्र जेथे रुजली तेथेच, लहानमोठ्या शेजाऱ्यांशी झगडून वा जमवून घेऊन, जन्म काढावा लागतो. हा झगडा आणि हे जमवून घेणे कसे चालते ते पाहण्यासाठी अरण्यात जाण्याचे कारण नाही. आमच्या गंगाखेडच्या शिवारात, गोदावरीकाठच्या काळ्या रानात, खरीप ज्वारीमध्ये तुरीचे तास टाकण्याची जी वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तीत या शास्त्राचा बहुतेक भाग उलगडून ठेवलेला आहे.

वनस्पतींचे भांडण मुख्यतः तीन गोष्टींवरून होते: प्रकाश, पाणी आणि मातीतील क्षार. परंतु तिन्हींची रीत सारखी नाही. पाणी व क्षार यांच्या बाबतीत ज्याची मुळे जेवढी, साधारणतः तेवढा त्याचा वाटा; लहान रोपालाही आपल्यापुरते काहीतरी मिळते. प्रकाशाचा न्याय निराळा. तो वरून येतो, म्हणून जो चार बोटे उंच असेल तो आधी घेतो आणि खालच्यास उरलेसुरले पोहोचते. खालच्याने कितीही पाने पसरली तरी वरच्याचे त्यात काही कमी होत नाही. यामुळे प्रथम झालेला अल्पसा फरक चक्रवाढ व्याजासारखा वाढत जातो. एकाच दिवशी दाट पेरलेल्या ज्वारीत महिन्याभराने काही ताटे जोमदार आणि काही पिवळी, केविलवाणी दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच. शेतकरी विरळणी करतो ती यासाठीच. आणि त्याने न केली तर निसर्ग स्वतः करतो. दाट वाढणाऱ्या रोपांचे सरासरी वजन वाढते तशी त्यांची संख्या कोणत्या प्रमाणात घटते, याचा नियम योदा आणि त्यांचे सहकारी या जपानी शास्त्रज्ञांनी १९६३ साली मांडला.

मग उंच ज्वारीच्या सावलीत तूर जगते कशी? येथेच खरी गंमत आहे. तूर ही प्रथम अत्यंत मंद वाढणारी आहे. आषाढ-श्रावणात ज्वारी सरसर वर चढते, तेव्हा तूर गुडघ्याएवढीही नसते. पण तिची मागणीही तेवढीच थोडी असते. या काळात ती वर दिसत नसली तरी खाली स्वस्थ बसलेली नसते. ज्वारीची बहुतेक मुळे वरच्या थरात पसरतात. तुरीचे सोटमूळ खोल जमिनीत दीड मीटर व त्याहूनही खाली उतरते. सुमारे चार महिन्यांत ज्वारीची कणसे घरी येतात, शेत मोकळे होते, आणि इतके दिवस दबून राहिलेली तूर मोकळ्या उन्हात फांद्या पसरू लागते. पाऊस संपलेला असतो, वरची माती भेगाळलेली असते. परंतु खालची ओल तिच्या मुळांच्या हाती असते. दोघींची भूक एक, पण पंगती दोन! मोठ्या एकत्र कुटुंबात ज्यांचे आयुष्य गेले त्यांस ही व्यवस्था अधिक समजावून सांगावी लागणार नाही.

या जोडीचा अभ्यास हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, म्हणजे इक्रिसॅटने, पुष्कळ केला. त्याचा इत्यर्थ असा की, ज्वारीचे उत्पन्न एकट्या पिकाच्या मानाने थोडेसेच घटते, आणि तुरीचे एकट्याने येणारे निम्म्याहून अधिक उत्पन्न वर मिळते. एक समज मात्र दुरुस्त करणे अवश्य आहे. तुरीच्या मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नत्र बांधतात हे खरे. परंतु उभ्या पिकात शेजारच्या ज्वारीला त्यातले फारसे मिळत नाही. लाभ होतो तो मुख्यतः गळलेल्या पानांचा आणि कुजलेल्या मुळांचा, आणि तोही पुढील हंगामाच्या पिकास.

मुळांचा हा तंटा आपल्या पूर्वजांच्याही ध्यानात आला होता. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात दोन वृक्षांमधील अंतर वीस हात उत्तम, सोळा मध्यम आणि बारा हे कनिष्ठ सांगितले आहे. जवळजवळ वाढलेले, एकमेकांस टेकणारे आणि मुळे एकमेकांत गुंतलेले वृक्ष पीडित होऊन नीट फळत नाहीत, असे कारणही त्याने दिले आहे. सावलीबरोबर मुळांचाही विचार केलेला पाहून आम्हांस आजही कौतुक वाटते.

तालुक्याच्या दक्षिणेस बालाघाटच्या रांगा लागतात. तेथे चढावर मुरमाड, उथळ जमीन आहे. नदीकाठच्या खोल काळीत ओल पुष्कळ, म्हणून पिके दाट होतात व भांडण मुख्यतः उन्हावरून होते. बरड रानात रोपांमध्ये प्रकाश भरपूर पडतो, तंटा पाण्याचा. तेथे तुरीच्या मुळांस खाली जावयास वाव नसतो आणि ती जोडी काळ्या रानासारखी फळत नाही. एकाच तालुक्यात एकच नियम सर्वांस लावणे म्हणूनच धोक्याचे.

गेल्या काही दशकांत खरिपाची ज्वारी मागे पडली आणि मराठवाड्यात सोयाबीनचा विस्तार झाला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, सोयाबीनचे चार तास व तुरीचे दोन तास अशी पद्धत शिफारस केली आहे. येथे उंचसखलपणा उलटा, सोयाबीन ठेंगणे. पण काळाचा हिशेब तोच. तुरीचा पसारा वाढण्यापूर्वी सोयाबीन निघून जाते. तरीही पुष्कळ शेतकरी सलग सोयाबीन पेरतात. यंत्राने कापणी करावयाची तर मध्ये तुरीचे तास अडचणीचे, मजूर वेळेवर मिळत नाहीत, आणि पैसा एकदम हाती येतो. ही कारणे खोटी नाहीत, आणि शहरात बसून त्यांस हसणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु पावसाने फुलोऱ्यात पाठ फिरविली, किंवा काढणीच्या वेळी झोडपून काढले, म्हणजे सलग पिकाचे सारे एका दिवसात जाते. अशा वर्षी तुरीचे दोन तास ज्याच्या रानात असतात, त्याच्या घरी पौषात निदान डाळ येते, आणि चुलीस तुराट्या.