परवडणारा ‘फुल फ्रेम’ : काटकसर नेमकी कशात?

कॅमेऱ्याच्या दुकानात ‘फुल फ्रेम’ हा शब्द सराफाकडील ‘बावीस कॅरेट’सारखा उच्चारला जातो. तो कानी पडताच पुढची चौकशी थांबते आणि ग्राहक फक्त किंमत विचारतो. वस्तुतः चौकशीला सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कॅमेरा स्वस्त झाला म्हणजे उत्पादकाने कुठे तरी हात आखडता घेतलाच असणार. तो कशात घेतला आणि त्याची झळ आपल्या कामाला पोहोचते का, एवढे कळले तरी निम्मा निर्णय झाला.

फुल फ्रेम म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर. लायका कॅमेऱ्याने १९२५ साली रूढ केलेले हे माप. हौशी छायाचित्रकारांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत असणारा ‘एपीएस-सी’ सेन्सर क्षेत्रफळाने याच्या निम्म्याहूनही लहान असतो. साहजिकच छिद्र आणि शटरचा वेग तोच ठेवला तर मोठ्या सेन्सरवर दुपटीहून अधिक प्रकाश गोळा होतो. दिवेलागणीनंतरच्या छायाचित्रात दाणे कमी दिसतात, पार्श्वभूमी अधिक धूसर करता येते. भर उन्हात काढलेल्या छायाचित्रांत मात्र हा फरक शोधावाच लागतो.

आरसा काढून टाकलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांत स्वयंचलित फोकससह फुल फ्रेम आणला तो सोनीने, २०१३ साली ‘ए-७’ मालिकेतून. निकॉन आणि कॅनन २०१८ मध्ये या शर्यतीत उतरले. सामान्यांच्या आवाक्याची भाषा त्यानंतर सुरू झाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅननचा ‘ईओएस आरपी’ सुमारे १,३०० डॉलरला, तर जुलै २०२० मध्ये निकॉनचा ‘झेड-५’ सुमारे १,४०० डॉलरला जाहीर झाला. काटकसरीच्या दोन भिन्न तऱ्हा समजून घ्यायला ही जोडी उत्तम आहे.

कॅननने वजन उतरवले. आरपी बॅटरी आणि कार्डासह अवघा ४८५ ग्रॅमचा. पण त्यासाठी सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा गेली, कार्डाचा एकच खण उरला आणि बॅटरी लहान झाली. एका भारणीत सुमारे २५० छायाचित्रे, हा कंपनीने दिलेला प्रमाणित आकडा. सहलीला तो चालून जाईल. दिवसभराच्या समारंभाला तीन बॅटऱ्या खिशात ठेवाव्या लागतील.

झेड-५ने नेमके उलट केले. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम साडेचार छायाचित्रांचा. त्याचाच थोरला भाऊ झेड-६ बारा काढत असे. सेन्सर २४ मेगापिक्सेलचा, पण जुन्या धाटणीचा. चलत्चित्रणात ‘फोर-के’ निवडले की दृश्य १.७ पट कापले जाते, म्हणजे २४ मिमीची रुंद लेन्स ४१ मिमीसारखी वागू लागते. छोट्या खोलीत मुलाखत चित्रित करणाऱ्याला भिंतीला पाठ टेकवूनही जागा पुरत नाही. मात्र व्ह्यूफाइंडर झेड-६च्याच तोडीचा, ३६ लाख ९० हजार बिंदूंचा. पाच अक्षांवर सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा शाबूत. समोरचा आणि वरचा भाग मॅग्नेशियम मिश्रधातूचा. आणि २०१८च्या महागड्या झेड-६ला कार्डाचा एकच खण असताना या धाकट्याला दोन!

हा दुसरा खण वरवर क्षुल्लक वाटतो. पण लग्नाचे काम घेणाऱ्या तरुण छायाचित्रकाराला विचारावे. कार्ड ऐनवेळी दगा देते आणि मुहूर्त काही पुन्हा लावता येत नाही. एकाच वेळी दोन कार्डांवर छायाचित्र उतरत असेल तर त्याची रोजी आणि अब्रू दोन्ही सुरक्षित राहतात. तुलनेने साडेचार-बाराचा फरक मंगल कार्यालयात फारसा जाणवत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. इलेक्ट्रॉनिक, म्हणजे निःशब्द शटर तिथे वापरू नये. हा सेन्सर सावकाश वाचला जात असल्याने एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटू शकतात.

खरी गफलत होते ती लेन्सपाशी. झेड-५बरोबर संचात मिळणारी २४-५० मिमीची लेन्स १९५ ग्रॅमची, मिटवून ठेवता येणारी आणि दिवसा चांगलीच नेटकी आहे. पण ५० मिमीवर तिचे छिद्र एफ/६.३ पर्यंतच उघडते. फुल फ्रेमवर एफ/६.३ म्हणजे गोळा झालेल्या प्रकाशाच्या हिशेबाने एपीएस-सी कॅमेऱ्यावर सुमारे एफ/४. याचा अर्थ, एफ/२.८चे झूम लावलेला लहान सेन्सरचा कॅमेरा त्या टोकाला या फुल फ्रेमहून दुप्पट प्रकाश घेतो. अंधारातल्या गुणासाठी मोठा सेन्सर घ्यायचा आणि तो गुण लेन्सच्या तोंडाशीच गमवायचा, असा हा व्यवहार. निकॉनची ४० मिमी एफ/२ ही लेन्स १७० ग्रॅमची आणि निकॉनच्या फुल फ्रेम लेन्समध्ये स्वस्तांपैकी एक. एफ/६.३च्या तुलनेत ती सुमारे दहा पट प्रकाश आत घेते. तिला झूम नाही, पाय हलवावे लागतात, पण घरातली मुले, रात्रीचा गणेशोत्सव, पावसाळी संध्याकाळ या सगळ्यांत मोठ्या सेन्सरचे पैसे वसूल करणारी तीच.

घरात निकॉनच्या जुन्या लेन्स असतील तर ‘एफटीझेड’ हा जोड लावून त्या वापरता येतात. मात्र विक्रेते एक गोष्ट क्वचितच सांगतात. स्वतःची मोटर असलेल्या लेन्सच या जोडावर आपोआप फोकस करतात. डी-९०सारख्या कॅमेऱ्यावर सुखाने चालणारी ५० मिमीची ‘एएफ-डी’ लेन्स इथे हाताने फिरवावी लागते.

‘सर्व कामांसाठी एकच कॅमेरा’ हे आश्वासन पक्ष्यांपाशी हमखास मोडते. दूरचा पक्षी चौकटीच्या मध्यभागी छोटासा दिसतो आणि झेड-५चा मधला एपीएस-सी एवढा तुकडा कापला तर हाती उरतात १० मेगापिक्सेल. त्याच कंपनीच्या, त्याहून स्वस्त झेड-५० मध्ये तेवढ्याच जागेत वीसहून अधिक मेगापिक्सेल आहेत आणि वेगही सेकंदाला ११ छायाचित्रांचा. ताम्हिणीत किंवा भिगवणला दर रविवारी जाणाऱ्याने फुल फ्रेमच्या मोहात पडू नये. उलट प्रवास, व्यक्तिचित्रे, वास्तू, घरगुती समारंभ यांसाठी २४ मेगापिक्सेल भरपूर आहेत. २० बाय १३ इंचांचा छाप त्यातून उत्तम दर्जाचा निघतो.

पुढच्या पिढीत दोन्ही घराण्यांनी आपापला स्वभाव राखला. कॅननच्या २०२३च्या ‘आर-८’ मध्ये फोकस आणि चलत्चित्रण कमालीचे सुधारले, वजन ४६१ ग्रॅमवर आले. खण मात्र एकच, बॅटरी तीच आणि सेन्सर स्थिर ठेवणारी यंत्रणा नाहीच. निकॉनने एप्रिल २०२५ मध्ये ‘झेड-५ II’ आणला. नवा सेन्सर, वेगवान प्रक्रियक, हलत्या विषयाचा नीट पाठलाग करणारा फोकस आणि न कापलेले ‘फोर-के’, म्हणजे पहिल्या झेड-५च्या जवळपास सगळ्या उणिवा भरून निघाल्या. अमेरिकेतील किंमतही १,४०० वरून १,७०० डॉलरच्या आसपास गेली. धावती मुले किंवा चलत्चित्रण हा ज्याचा मुख्य विषय आहे, त्याने हा फरक मोजावा.

स्थिर विषय आणि मर्यादित अंदाजपत्रक असेल तर वापरलेला पहिला झेड-५ आणि वाचलेल्या पैशांत एक उजळ लेन्स, ही जोडी नव्या बॉडीला लावलेल्या एफ/६.३च्या झूमपेक्षा अंधारात सरस ठरते. जुना घेताना दोन्ही खणांत कार्ड घालून पाहावे, पांढऱ्या भिंतीचे छायाचित्र एफ/१६वर काढून सेन्सरवरचे ओरखडे तपासावेत आणि शटर किती वेळा चालले आहे, तो आकडा मागून घ्यावा.