बाळ दूध का टाकतं? घाबरायचं कधी, कधी नाही

माधवनगर असो की सांगली-मिरज, आपल्या घरांत बाळंतीण आली की काही दिवसांतच ऐकू येतं, "पाजलं की बाळ दूध टाकतंय." मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं आईचं दूध पचत नाही, आणि वरचं दूध सुरू होतं. नुकसान होतं ते इथेच. कारण बाळाने गुळणी टाकणं हा बहुतेक वेळा आजार नसतो.

अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूंची झडप असते. नवजात बाळाची ही झडप अजून सैल असते. त्यात जठर इवलंसं. पहिल्या दिवशी त्यात जेमतेम चमचाभर दूध मावतं. शिवाय बाळ दिवसभर आडवं असतं आणि दुधाबरोबर हवाही गिळतं. हवा वर येताना थोडं दूध घेऊन येते. पोटातल्या आम्लामुळे ते दह्यासारखं फाटलेलं दिसतं, पण तो बिघाड नव्हे. चौथ्या महिन्यापर्यंत हे वाढू शकतं. बाळ बसायला लागलं की कमी होतं आणि बहुतेकांचं वर्षभरात थांबतं. वजन वाढतंय, लघवी नीट होतेय, बाळ तरतरीत आहे, तर काळजी नको.

काय करावं?
- थोडं थोडं, पण वारंवार पाजा.
- पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, २०-३० मिनिटं उभं धरा.
- पाजल्यावर लगेच मालिश नको, पोटावर दुपटं घट्ट नको.
- झोपवताना उताणंच झोपवा.

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्या; घुटी, ग्राइप वॉटर नको. काही घरांत तहनीकला मध चाटवतात. दादी-नानींचा मान राखून सांगतो, वर्षाच्या आत मध देऊ नका. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. खजुराबाबतही आधी डॉक्टरांना विचारा.

लगेच दवाखाना कधी?
उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल, पिचकारीसारखी जोरात होत असेल, पोट फुगलं असेल, ताप असेल, बाळ सुस्त पडून पीत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा वजन वाढत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात वर्षाच्या आतल्या आजारी बाळाचे उपचार मोफत असतात. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. त्यांच्याकडून बाळाचं वजन करून घ्या. बाळाची तब्येत ओळखायला दुपट्यावरच्या डागांपेक्षा वजनाचा काटा जास्त खरा.