वेणी घालता येते, पण दुसऱ्याची?

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलीचे पहिले वाक्य ठरलेले असते. “आपा, वेणी तर येतेच मला, पुढचं शिकवा.” आम्ही तिला खुर्चीवर बसलेल्या दुसऱ्या मुलीच्या मागे उभे करतो आणि साधी तीन पेडांची वेणी घालायला सांगतो. वेणी होते. पण भांग कानाकडे कललेला, मानेजवळ केसांचा फुगा, एक पेड जाड नि दोन बारीक. आणि खुर्चीवरची मुलगी डोळे पुसत असते.

स्वतःची वेणी आपण खांद्यावरून पुढे घेऊन घालतो. कुठे ओढले गेले की हात आपोआप सैल होतो. दुसऱ्याच्या डोक्यावर काय दुखते ते आपल्या हाताला कळत नाही. ते कळायला पंधरवडा तरी लागतो, असा आमचा अनुभव.

आम्ही दोघी जावा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावात, घराच्या पडवीत, फक्त बायकांसाठी पार्लर चालवतो आणि मोहल्ल्यातल्या मुलींना हाताखाली घेतो. शिकवायला वेणीपासूनच का सुरुवात करता, असे आयाबाया विचारतात. नव्या मुलीच्या हातात कुणी कात्री किंवा रंगाचा ब्रश देत नाही, द्यायलाही नको. चुकीचा कापलेला केस परत जोडता येत नाही. चुकलेली वेणी सोडून पुन्हा घालता येते. लग्नाच्या दिवसांत नवरीजवळ मुख्य बाई बसते, पण तिच्या बहिणी, मामेबहिणी, भाच्या रांगेत ताटकळत असतात. त्या रांगेवरच मदतनीस मुलीची रोजी असते. चांदरातीलाही तेच. सामान म्हणाल तर शेपटीचा कंगवा, मोठ्या दातांचा कंगवा, चार-सहा क्लिपा, बारीक रबरे, काळ्या पिना आणि पाण्याची स्प्रेची बाटली. बस्स.

गुंता टोकांकडून सोडवायचा, मग मध्यावरून, शेवटी मुळांपासून. वरून खाली एकदम ओढले की गाठ घट्ट होते नि केस तुटतो. केस किंचित ओलसर चालतील, चिंब ओले नकोत. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. नुकतेच धुतलेले केस हातातून निसटतात, आदल्या दिवशी धुतलेले बरे धरतात. भांग काढताना कंगव्याची शेपटी नाकाच्या रेषेत ठेवून मागे न्यायची आणि डोळे आरशावर ठेवायचे.

उजवा पेड मधल्यावरून, डावा मधल्यावरून, हे सर्वांना येते. चूक होते ती हातांच्या जागेत. हात डोक्यापासून लांब गेले की वेणी सैल पडते आणि मानेपाशी फुगा येतो. बोटे डोक्याला टेकलेली हवीत, मानेकडे येताना कोपरे खाली हवीत. बाईला मान सरळ ठेवायला सांगा. मान खाली घालून बसलेल्या बाईची वेणी घट्ट दिसते, पण तिने मान वर केली की मागचे केस ढिले पडतात.

हे जमले की सागरवेणी. कपाळाजवळचे थोडे केस घेऊन तीन पेड करायचे आणि दर वळशाला, मध्यावर जाणाऱ्या पेडात बाजूची एक बारीक बट मिसळायची. बट दर वेळी तेवढीच. एकदा जाड, एकदा बारीक झाली की वेणी वाकडी गेलीच. पेड वरून नेण्याऐवजी खालून नेले तर वेणी डोक्यावर उठून दिसते. आमच्या मुली तिला उलटी सागरवेणी म्हणतात. खजूरवेणी दोनच भागांची असते: बाहेरच्या कडेची बट काढून पलीकडच्या भागात द्यायची, आलटून पालटून. पिळाच्या वेणीत दोन्ही पेड उजवीकडे पिळायचे आणि एकमेकांभोवती मात्र डावीकडे गुंडाळायचे. दोन्हींची दिशा एकच ठेवली की रबर लावायच्या आत सगळे सुटते. सुरुवातीच्या कामाला एवढे प्रकार पुरतात. मोबाइलवर पाहून पन्नास प्रकार अर्धवट करणाऱ्या मुलीपेक्षा हे चार नीट येणारी मुलगी आम्हाला बरी वाटते.

सरावासाठी बाहुलीचे महागडे डोके विकत घ्यायला नको. खिडकीच्या गजाला तीन रंगांच्या लोकरीचे जाड पेड बांधा. रंग वेगळे असले की कुठे चुकले ते लगेच दिसते. मग अम्मी, खाला, फुफी, शेजारीण. एकीचे केस कुरळे, एकीचे विरळ, एकीच्या डोक्याला वाटीभर तेल. पार्लरमध्येही अशीच डोकी येणार आहेत.

आता घट्टपणाविषयी, कारण आमचे सगळ्यात जास्त भांडण इथेच होते. वेणी टिकावी म्हणून मुली कपाळाजवळ आणि कानशिलावर केस करकचून ओढतात. भुवया वर चढल्या, बाईला कपाळावर आठी घालता येईना, म्हणजे वेणी जास्त घट्ट झाली. अशी ओढ रोज लागत राहिली तर मुळे दुखतात, बारीक पुटकुळ्या येतात, कानशिलावर आखूड तुटके केस दिसू लागतात आणि भांगाची रेघ रुंद होते. वेळीच सैल केले तर केस परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिले तर मुळेच जातात. आपल्या घरांतल्या मुली शाळेच्या दोन घट्ट वेण्या घालतात, वरून स्कार्फ बांधतात, आणि केस मागे सरकले तरी दिवसभर कुणाच्या नजरेला पडत नाहीत. म्हणून पहिले तीन वळसे सैल, हा आमचा नियम. वेणी झाल्यावर बाईला विचारायचेच, “कुठं ओढतंय का?” ती हो म्हणाली तर सोडायची. रांग कितीही मोठी असो.

डोक्यात उवा दिसल्या तर चारचौघींत बोलू नका. हळूच कानात सांगा, काम थांबवा. कंगवे साबणाने धुऊन, हाताला सोसणार नाही इतक्या कडक पाण्यात दहा मिनिटे ठेवा.

आणखी एक गोष्ट पार्लरच्या शिक्षणात येत नाही. हजरत उम्मे अतिया (रजि.) यांनी पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या साहेबजादीला शेवटचा गुसल दिला, तेव्हा केसांच्या तीन वेण्या घालून त्या मागे ठेवल्या, असे बुखारीच्या हदीससंग्रहात आहे. आमच्याकडे शाफई घरांत आजही तसेच करतात. हनफी घरांत केसांचे दोन भाग करून छातीवर ठेवतात. मोहल्ल्यात मय्यतीला गुसल देणाऱ्या बायका आता थकल्या आहेत. आमच्याकडे शिकलेली एक मुलगी मागच्या वर्षी आपल्या दादीच्या गुसलला उभी राहिली. तिचा हात थरथरला नाही, असे तिच्या अम्मीने येऊन सांगितले.

गंगावनाचा प्रश्न प्रत्येक मुलीपुढे येतो. केसांना माणसाचे केस जोडण्यास हदीसमध्ये सक्त मनाई आहे, जोडणारीलाही आणि जोडून घेणारीलाही. रेशमाच्या किंवा लोकरीच्या परांद्याला अनेक उलेमांनी मुभा दिली आहे, पण सगळ्यांचे मत एक नाही. आपल्या आलिमांना विचारून घ्या. विचारायचे ते नोकरी धरण्याआधी. नवरी खुर्चीवर बसल्यावर ‘मी हे करणार नाही’ म्हणणे मालकिणीवर अन्याय आहे. आधी सांगितले तर बहुतेक जणी ते काम दुसरीकडे देतात.

फोटोचेही तसेच. आमच्या एका मुलीने हौसेने एका गिऱ्हाइकाच्या वेणीचा पाठमोरा फोटो स्टेटसला ठेवला. चेहरा नव्हता, पण दिरांनी कानातले ओळखले. ती बाई पडदा पाळणारी. तिने आमच्या दारात पाऊल टाकणे सोडले, आणि चूक आमची होती. पहिल्याच दिवशी आम्ही बजावायला हवे होते. आता नमुन्याचे फोटो लोकरीच्या वेण्यांचे किंवा आमच्या लहान पोरींचे.

कागद हवा असेल तर दहावी झालेल्या मुलीला सरकारी आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा एक वर्षाचा कोर्स आहे. शाळा सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थानांत कमी मुदतीचे वर्ग असतात. जवळच्या केंद्रात ब्युटीचा वर्ग चालतो का, ते आधी विचारून घ्या.

मालकीण ट्रायल घेते तेव्हा बहुधा सागरवेणीच सांगते आणि डोके आपल्याच कुणा मुलीचे देते. घाई करू नका, आधी गुंता सोडवा, ती तेच बघत असते. आणि रबरे घरून न्या. पार्लरच्या डब्यातली ऐन वेळी कधीच सापडत नाहीत.