जुनी घरे आणि शाकारणीचा हिशेब

वैशाख सरत आला की कोकणातील प्रत्येक कौलारू घरासमोर एकच प्रश्न उभा राहतो : मृग नक्षत्र लागण्यापूर्वी घर शाकारून होणार की नाही? छपरावर चढून फुटकी कौले बदलावयाची, सरकलेली नीट बसवावयाची, कुजलेल्या रिपा काढून नव्या ठोकावयाच्या आणि पन्हळीतील पाचोळा साफ करावयाचा, एवढेच हे काम. दिसावयास ते किरकोळ असते. परंतु वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीसारख्या प्रदेशात जुने घर राहणार की जाणार, याचा निर्णय ह्याच कामावर होत असतो. एका वर्षी शाकारणी चुकली तर एखादे कौल गळते; दुसऱ्या वर्षी त्याखालचा वासा भिजतो; तिसऱ्या वर्षी त्याला वाळवी लागते. पुढे कधीतरी आढे खचले म्हणजे ‘घर फार जुने झाले होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः अशा घराच्या पडण्यात वयाचा वाटा थोडा आणि चुकलेल्या शाकारण्यांचा वाटा मोठा असतो.

जुन्या घरांविषयी आपल्याकडे बोलले पुष्कळ जाते. सुटीतले आजोळ, ओटीवरचा झोपाळा, माजघरातला गारवा यांच्या आठवणींनी अनेकांचे मन भरून येते. ह्या भावनेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि भावनेने कौले बदलता येत नाहीत. जुनी घरे जपणे हा मुख्यतः दरवर्षी कराव्या लागणाऱ्या खर्चाचा प्रश्न आहे. तो खर्च पूर्वी कोठून होत असे, आज तो का होत नाही आणि यापुढे तो कोणी सोसावा, याचा विचार केल्याखेरीज ह्या विषयावरील चर्चा हळहळीच्या पलीकडे जाणार नाही.

रचनेमागील विचार

प्रथम हे घर जपण्याजोगे का आहे, ते पाहिले पाहिजे. उंच जोते, जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, पुढे खळे, मग पडवी आणि ओटी, आत माजघर व देवघर, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, परसू आणि डोक्यावर माळा, ही रचना पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवातून घडली आहे. छपराचा तीव्र उतार पाणी थांबू देत नाही; भिंतीपासून पुढे आलेल्या पागोळ्या चिऱ्यावर झड येऊ देत नाहीत. पावसाळ्यात पडवीला झाप बांधले की उरलेलीही झड अडते. माळ्यावर भात, कांदे, आमसुले राहत, आणि तापलेली कौले व खालची माणसे यांच्यामध्ये हवेचा एक थर आपोआप तयार होई. खांब, वासे, दारे यांसाठी ऐन, किंजळ, फणस ही जवळच्या डोंगरातली आणि परसातली लाकडे वापरीत.

जांभा हा तर ह्या भूमीचाच दगड. खाणीत तो मऊ असतो, हत्याराने तासता येतो. हवा लागली की कठीण होत जातो. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील ह्या दगडाचे वर्णन केले आणि विटेच्या लॅटिन नावावरून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. रत्नागिरीच्या सड्यांवरील ज्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला, तीही ह्याच जांभ्यावर कोरलेली आहेत. त्याच दगडाच्या चिऱ्यांनी उभारलेल्या घराकडे मात्र आपण ‘मोडकळीस आलेली मालमत्ता’ म्हणून पाहतो.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. हे घर कधीच गोठलेले नव्हते. ज्या मंगलोरी कौलांवाचून आज आपल्याला कोकणातले घर कल्पिता येत नाही, त्यांचा मंगलोरमधील कारखाना बाझेल मिशनने १८६५ मध्ये सुरू केला. त्यापूर्वी येथे नळीची कौले आणि गवताची छपरे होती. म्हणजे जुन्या घराने नवे साहित्य स्वीकारलेच. मात्र ते घराच्या स्वभावाशी जुळणारे होते. जतनाचा खरा निकषही हाच असावयास हवा.

खर्च कोण करीत असे?

रत्नागिरी शहरात दोन वास्तू शासनाच्या संरक्षणाखाली आहेत आणि त्या सर्वांना ठाऊक आहेत. एक, ज्या घरात २३ जुलै १८५६ रोजी लोकमान्य टिळकांचा जन्म झाला ते टिळक आळीतील घर. दुसरी, ब्रह्मदेशाच्या पदच्युत थिबा राजासाठी बांधलेला आणि १९१० च्या सुमारास पूर्ण झालेला राजवाडा. पहिले एका शिक्षकाच्या कुटुंबाचे साधे राहते घर, दुसरा एका बंदिवान राजाचा महाल. दोहोंचे रक्षण झाले ते त्यांच्याशी जोडलेल्या व्यक्तींमुळे. ज्या घरात कोणी लोकमान्य जन्मला नाही किंवा राजा राहिला नाही, त्याच्या वाट्याला पुरातत्त्व खाते येत नाही, आणि ते सर्वस्वी स्वाभाविक आहे. प्रत्येक घराला स्मारक करणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. अशा घरांचे रक्षण त्यांत राहणाऱ्यांनीच करावयाचे असते.

हे रहिवासी पूर्वी तो भार कसा उचलीत? मोठ्या घरांच्या बाबतीत उत्तर उघड आहे. खोताच्या घरात भात येई, रान त्याच्या ताब्यात असे, आणि शाकारणीला लागणारे हात कुळांचे असत. त्या श्रमाचा मोबदला बहुधा अपुरा आणि कित्येकदा शून्य होता. १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १ एप्रिल १९५७ पासून कुळांना जमिनीचे मालक करणारी कूळकायद्यातील तरतूद यांनी ही व्यवस्था मोडली. ते न्याय्यच झाले. दुसऱ्याच्या सक्तीच्या श्रमावर उभा राहिलेला डौल कायम राहावा, असे कोणीही सुजाण माणूस म्हणणार नाही. परंतु एक जमाखर्च बंद झाला तेव्हा घराच्या देखभालीसाठी दुसरा उघडला गेला नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

लहान घरांचा आधार निराळा होता. मुंबईच्या गिरणीतून, गोदीतून, कचेरीतून येणारी मनिऑर्डर आणि शेजाऱ्यांनी पाळीपाळीने एकमेकांना दिलेला हात यांवर ती उभी राहत. १९८२ च्या गिरणी संपानंतर त्यांतील पहिला आधार ढळला. दुसरा माणसांबरोबरच गेला. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती १६ लाख १५ हजारांवर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना ज्या थोड्या जिल्ह्यांची घटली, त्यांत आपला जिल्हा होता. गणपतीत आणि शिमग्यात उघडणारे आणि एरवी कुलूप मिरविणारे घर हे ह्या आकड्याचे दृश्य रूप आहे.

सामाईकाचा पेच

खर्चाइतकाच बिकट प्रश्न मालकीचा आहे. आजोबांच्या नावावरचे घर आज वीस-पंचवीस जणांच्या नावावर असते. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क देणारे कायदे महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये केले. ते व्हावयासच हवे होते. पण हक्कदार अनेक आणि शाकारणी करणारा एक, असे झाले की काय होते, हे सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. गावी राहणारा एक भाऊ आपल्या निवृत्तिवेतनातून छपरावर पैसे घालतो. उद्या वाटणी झाली तर त्या पैशांचा हिशेब कोणी विचारणार नाही, आणि विचारला तर भांडण होईल, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो पडवी तेवढी राखतो आणि माजघर सोडून देतो. इतरांची संमती नसल्यामुळे त्याला कर्ज मिळत नाही आणि मोठी दुरुस्तीही करता येत नाही. वाटणी केली तर एका आढ्याखाली दोन चुली येतात, माजघरात भिंत उठते, आणि पावसाचे पाणी कोणाच्या बाजूला उतरावयाचे यावरून तंटा सुरू होतो.

शहरातील भाड्याच्या जुन्या घरांची कथा वेगळी, पण निष्पत्ती तीच. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मूळ भाडेच नाममात्र असेल तर त्याच्या चार टक्क्यांत एक रीपही येत नाही. भाडेकरूला निवारा हवा आणि मालकाला जागा मोकळी हवी. छपराची काळजी मात्र दोघांपैकी कोणालाच परवडत नाही.

सिमेंटचा मोह

ज्यांच्यापाशी पैसा आहे, त्यांच्या हातूनही जुन्या घराची हानी होते. जांभा सच्छिद्र आहे. तो पावसात ओल घेतो आणि उन्हात सोडतो. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा त्याला हे करू देतो. त्यावर सिमेंटचा घट्ट थर चढविला की ओल आत कोंडते, पोपडे धरतात आणि लाकडाची भिंतीत गेलेली टोके कुजू लागतात. मग दोष चिऱ्याला दिला जातो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडकडील असंख्य छपरे उडविली. त्यानंतर कौलांच्या जागी पत्रा चढलेली घरे त्या पट्ट्यात सहज दिसतात. पत्रा लवकर बसतो आणि दरसाल शाकारावा लागत नाही, हे त्याचे आकर्षण आपण समजून घेतले पाहिजे. चैत्रात त्याच्याखाली बसवत नाही, हा त्याचा खर्च मात्र कोणत्याही अंदाजपत्रकात धरला जात नाही.

याउलट, जुने ते सर्व जपावे असा हट्ट धरणाऱ्यांना एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या घरातली कामे कोण करीत होते? काळोखे, धुराने भरलेले स्वयंपाकघर, विहिरीवरून आणावयाचे पाणी, दर चार दिवसांनी सारवावयाची जमीन, हा सारा भार घरातल्या स्त्रीवर होता. चुलीच्या धुराने वासे काळे होत आणि त्यांना कीडही कमी लागे. पण तोच धूर तिच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. गॅस आला, नळ आला, घरात न्हाणी व संडास आले, याचे स्वागतच केले पाहिजे. वाशांना आता धुराऐवजी वाळवीनाशक द्यावे लागेल, एवढेच. स्वयंपाकघर पूर्ण बदलावे, त्याला उजेड द्यावा. आणि छपराचा उतार, जांभ्याची भिंत, ओटी, माळा, कोरीव खांब व दारे राखावी, अशी विभागणी केली तर घर राहण्याजोगेही होते आणि मूळ रूपही टिकते. ज्या घरात सुनेला राहावेसे वाटत नाही, ते घर कोणत्याही नियमाने वाचणार नाही.

लाभ सर्वांचा, भार एकाचा

कौलारू घरांची आळी पाहून प्रवासी थांबतो, गावाला शोभा येते, सुतार-गवंड्यांचे कसब टिकते. हा लाभ सर्वांना होतो आणि खर्च एका कुटुंबाच्या खिशातून जातो. असे जेथे असते तेथे समाजाने आपला वाटा उचलावा, हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व आहे. मुंबईने १९९५ च्या वारसा नियमावलीत जतनाच्या बंधनाबद्दल मालकाला बांधकामाचे हक्क अन्यत्र विकण्याची सोय ठेवली. जेथे चौरस फुटाला सोन्याचा भाव आहे तेथे हे चालते. खेड्यात असा हक्क कोण विकत घेणार? आपल्याला जवळचे वाटावे असे उदाहरण जपानमधील शिराकावा-गो ह्या डोंगरी गावाचे आहे. तेथील उंच गवती छपरे गावकरी परस्परांच्या श्रमाने शाकारीत आले आहेत. १९७१ मध्ये त्यांनी घरे विकावयाची नाहीत, भाड्याने द्यावयाची नाहीत आणि पाडावयाची नाहीत, असा निश्चय केला. १९७५ मध्ये तेथील शासनाने सबंध जुन्या वस्त्यांना संरक्षण देणारी तरतूद कायद्यात केली, आणि १९९५ मध्ये ते गाव जागतिक वारसा यादीत गेले. निश्चय आधी गावाचा होता, मदत मागाहून आली, हा क्रम महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे धोरणाचा कल उलट राहिला आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत, स्वतः राहत असलेले घर बांधण्याच्या किंवा घेण्याच्या कर्जावरील व्याजाची सवलत २०१४ मध्ये दीड लाखावरून दोन लाखांवर नेण्यात आली. दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाची मर्यादा मात्र तीस हजारांवरच राहिली. नवे बांधा, जुने राहू द्या, असाच संदेश त्यातून गेला.

मोठ्या अनुदानाची वाट न पाहता काही गोष्टी करता येतील. मूळ छप्पर व भिंती राखणाऱ्या राहत्या घरांना ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या घरपट्टीत सूट मिळावी. पतसंस्थांनी चैत्रात द्यावयाचे आणि दहा हप्त्यांत फेडावयाचे लहान शाकारणी-कर्ज सुरू करावे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून चुन्याचा गिलावा, जांभ्याचे काम आणि छपराचे सुतारकाम शिकवावे. कारण कसबी हात नाहीसे झाले तर पैसा असूनही घर राखता येणार नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपापल्या गावातील जुन्या घरांची मापे, आराखडे व छायाचित्रे नोंदवून ठेवावीत. आणि सर्वांत आधी, प्रत्येक सामाईक कुटुंबाने एक साधा लेख करावा : घर राखण्यासाठी प्रत्येक हिस्सेदाराने वर्षाला अमुक रक्कम द्यावयाची, आणि जो अधिक खर्च करील त्याचा हिशेब वाटणीत धरावयाचा. गणपतीला सारे एकत्र येतातच. आरतीनंतर तासभर बसून हा कागद करणे अवघड नाही.

सारी घरे वाचणार नाहीत. काहींना वारसच नाही, काहींचे लाकूड पार गेले आहे. परंतु जी उभी आहेत त्यांचे भवितव्य त्यांच्या वयावर ठरलेले नाही. पुढच्या वैशाखात छपरावर कोण चढणार आणि त्याची मजुरी कोण देणार, एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरे ज्या कुटुंबापाशी आणि ज्या गावापाशी असतील, तेथील ओटी आणखी एक पावसाळा कोरडी राहील.