लाज वाटली की कान का तापतात?

आम्हा चौथीच्या मुलांना परिपाठात पाळीपाळीने बातम्या वाचाव्या लागतात. माझी पाळी आली की माझे कान तापतात. आधी कान, मग गाल, मग मान. तव्यावरची भाकरी कोणीतरी कानाला लावली आहे असे वाटते. श्रावणात मी दोनच ओळी वाचल्या आणि कागद गुरुजींच्या हातात देऊन पळाले. पोटात दुखतंय म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी मामाकडे मानखुर्दला गेले होते. मामाची मुलगी नर्सिंग शिकते. तिला मी हे सांगितले. आधी ती हसली, मग तिने मला सगळे समजावून दिले.

आपल्या गालांच्या नि कानांच्या कातडीखाली रक्ताच्या पुष्कळ बारीक नळ्या असतात. सगळे आपल्याकडे बघताहेत असे वाटले की मेंदू घाबरतो. अंगात ॲड्रेनलिन नावाचा रस सुटतो, छाती धडधडते आणि तोंडावरच्या नळ्या रुंद होतात. पाटाचे पाणी वाफ्यात सोडल्यावर वाफा कसा भरतो, तसे तिथे रक्त भरते. रक्त गरम असते, म्हणून कान तापतात. हे मुद्दाम करता येत नाही. मी आरशासमोर करून बघितलं, नुसतं तोंड फुगलं.

चार्ल्स डार्विन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने 1872 साली माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवर पुस्तक लिहिले. त्यात लाजून लाल होण्यावर एक आख्खे प्रकरण आहे. त्याने देशोदेशीच्या लोकांना पत्रे पाठवून विचारले होते. माणसे सगळीकडची लाल होतात, प्राणी होत नाहीत, असे त्याने लिहिले. हे खरं असणार. आमचा बोका दूध चोरून पितो पण त्याला कधी लाज वाटलेली मी बघितली नाही. ओढ्याकाठच्या लाजाळूचे तर नावच फक्त लाजाळू. हात लावला की तिच्या देठाजवळच्या फुगीर भागातले पाणी सरकते, म्हणून पाने मिटतात.

माझी मैत्रीण गोरी आहे. तिचे लगेच दिसते. पोरं तिला टोमॅटो म्हणतात. मी सावळी, माझे दिसत नाही, पण नळ्या माझ्याही तशाच रुंद होतात. ताई म्हणाली, "तू लाल झालीस असं कोणी म्हटलं की लाली आणखी वाढते. आपणच मनात म्हटलं तरी वाढते." म्हणजे टोमॅटो म्हटल्यामुळेच ती जास्त टोमॅटो होते.

मग ताई मला मानखुर्द स्टेशनवर घेऊन गेली आणि म्हणाली, तिकीट तू काढायचं. मानखुर्दच्या पुढे गाडी खाडीच्या पुलावरून वाशीला जाते. 1992 साली तिथे गाड्या सुरू झाल्या, त्याआधी लाइन मानखुर्दलाच संपायची. पूल बघायचा होता म्हणून मी हो म्हटले. खिडकीतल्या काकांनी "कुठे?" विचारले आणि मला वाशी हे नावच आठवेना. कान तापले. मागचा माणूस म्हणाला, "ए, बोल ना लवकर!" ताई लांब उभी होती. मग मी तिने सांगितलेले केले. श्वास हळू सोडला, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून. आणि कानांचा विचार सोडून समोर बघितले. काकांच्या खिशाला निळे पेन होते. मग बोलले, "वाशी, एक फुल, एक हाफ." कान तापलेलेच होते, पण तिकीट मिळाले.

चार दिवस रोज मीच तिकीट काढले. चौथ्या दिवशी कान तापले की नाही ते बघायचेच विसरले.

तोंडावर गार पाणी मारले तरी बरे वाटते म्हणतात. पण परिपाठात तांब्या घेऊन कोण उभे राहणार? ताईने आणखी एक सांगितले. चूक झाल्यावर जो लाल होतो, त्याच्यावर लोक उलट जास्त विश्वास ठेवतात. शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे.

सोमवारी बातम्यांची पाळी माझी आहे. कान तापले तर तापू देत, मी कागद शेवटपर्यंत वाचणार आहे. गुरुवारी माझ्या मैत्रिणीची आहे. त्या दिवशी तिला कोणी टोमॅटो म्हणू नका.