माजी सैनिकाला लष्करी कबरस्तानात जागा मिळते का?

छत्रपती संभाजीनगरहून मी पुन्हा तुमच्यासोबत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या भागाचा हा मजकूर.

पडेगावच्या एका ताईंचा निरोप आला. वडील सैन्यातून निवृत्त, वय ब्याऐंशी, कुटुंब ख्रिस्ती. ताई विचारतात, "बाबांची इच्छा आहे, खडकीच्या लष्करी कबरस्तानात जागा मिळेल का? अमेरिकेत तर मिळते म्हणे."

ताई, आधी सरळ उत्तर देतो. खडकीत नाही मिळणार. यात बाबांच्या सेवेत काही कमी आहे असं मुळीच नाही. कारण वेगळंच आहे, ते नीट समजून घेऊ.

अमेरिकेबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. तिथे दीडशेहून जास्त राष्ट्रीय दफनभूमी आहेत. ठरावीक काळ सेवा केलेल्या आणि बडतर्फीसारखा डाग नसलेल्या माजी सैनिकाला तिथे जागा मिळते. पत्नीला किंवा पतीला आणि अज्ञान मुलांनाही मिळते. कबर, दगड, झेंडा, सगळं मोफत. फक्त आर्लिंग्टनचे नियम कडक आहेत, कारण तिथे जागा थोडी उरलीय. म्हणजे तिकडे प्रश्न एवढाच असतो, की माणसानं सेवा केली का?

खडकीत प्रश्न दुसरा असतो. माणूस कधी गेला? ही दफनभूमी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची. आयोग स्थापन झाला 1917 साली. दुसऱ्या महायुद्धासाठी त्यांची मुदत आहे 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947. त्या काळात सेवेत असताना मृत्यू, किंवा सेवेतून सुटल्यावर त्याच काळात सेवेमुळे झालेला मृत्यू, एवढंच त्यात बसतं. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे कबरींची कायमची देखभाल होण्याची खात्री नव्हती, तिथल्या कबरी खडकीत हलवल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या 1,668 जणांच्या कबरी आहेत तिथे. नव्या माणसासाठी ती जागा नाहीच.

हा तारखेचा नियम किती काटेकोर आहे, ते आपल्याच दोन माणसांवरून बघा. नाईक यशवंत घाडगे, रायगडचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात कबर नाही, म्हणून इटलीतल्या कॅसिनो स्मारकावर नाव कोरलंय. दुसरे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले, त्याच रेजिमेंटचे. 1945 मध्ये इटलीतच सेनिओ नदीवर जखमी साथीदारांना वाचवलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते जगले, परत आले, 1984 साली पुण्यात वारले. पदक एकच, पण आयोगाच्या यादीत नाव फक्त घाडग्यांचं. शौर्य मोजलं जात नाही तिथे, मृत्यूची तारीख बघितली जाते.

बरं, मग आपल्या देशाची व्यवस्था काय? अमेरिकेसारख्या, माजी सैनिकांसाठी राखीव राष्ट्रीय दफनभूमी आपल्याकडे नाहीत. बहुतेकांना अग्नी दिला जातो, हेही त्यामागे असणारच. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक 25 फेब्रुवारी 2019 ला खुलं झालं, पण तिथली नावं कर्तव्यावर प्राण दिलेल्यांची. त्यामुळे ताई, जागा पाहायची ती आपल्या चर्चच्या दफनभूमीत. छावणीतली जुनी दफनभूमी मनात असेल, तर तिची व्यवस्था पाहणाऱ्यांना आत्ताच विचारून ठेवा. त्या दिवशी धावपळ नको.

तिरंग्याचंही विचारलंय तुम्ही. राष्ट्रीय इतमामात किंवा लष्करी इतमामात अंत्यविधी असेल, तरच पार्थिवावर राष्ट्रध्वज घालता येतो. केशरी बाजू डोक्याकडे. आणि ध्वज कबरीत उतरवायचा नाही, चितेवर जाळायचा नाही. घरच्या घरी, प्रेमापोटी का होईना, ध्वज पांघरणं 1971 च्या कायद्यात बसत नाही. निवृत्त सैनिकाला लष्करी मानवंदना आपोआप मिळेलच असं धरून चालू नका. जवळच्या लष्करी ठाण्यात आधी चौकशी करा.

आता जी गोष्ट मला खरं म्हणजे सांगायचीय, ती. माझे मामा फौजेत होते. ते गेले तेव्हा आम्ही सगळे बिगुल वाजणार का, कोण येणार, यातच अडकलो. मामींच्या नावाकडे कुणाचं लक्षच नाही. सेवेच्या कागदांवर त्यांचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला चौदा महिने लागले. तेवढे दिवस मामींनी भाच्यांपुढे हात पसरायचा नाही म्हणून शिवणकाम केलं. मला ते कळलं तेव्हा मान वर करवेना.

म्हणून ताई, बाबा बसले असतानाच त्यांचं डिस्चार्ज बुक, निवृत्तिवेतनाचा आदेश म्हणजे पीपीओ आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र बाहेर काढा. आईचं नाव आणि जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे का बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. रेकॉर्ड ऑफिसकडे दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा, ते तिथे सांगतात. 'स्पर्श' प्रणालीवरही आईचा तपशील तपासून घ्या.

बाबांना खडकी मिळणार नाही, हे त्यांना सांगताना वाईट वाटेल. पण सांगा. आणि मग त्यांच्याकडूनच ठरवून घ्या की दगडावर पलटणीचं नाव कसं लिहायचं. तेवढं तर आपल्या हातात आहे ना!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.