प्राचल-घोषणा, महाजाल-सेवांतील

एका संगणकावरील आज्ञावली महाजालाद्वारे दुसऱ्या संगणकाकडे माहिती मागते, तेव्हा मागणीत कोणती मूल्ये असावीत, ती कोणत्या प्रकारची व किती मर्यादेतील असावीत आणि प्रतिसाद कोणत्या स्वरूपात मिळेल, यांविषयी सेवा पुरविणाऱ्या आज्ञावलीत अगोदरच केलेली स्पष्ट नोंद. अशा मागण्या स्वीकारणाऱ्या व्यवस्थेस एपीआय आणि ती रचण्याच्या तयार सांगाड्यास फ्रेमवर्क म्हणतात. मागणीगणिक बदलणाऱ्या मूल्यास ‘प्राचल’ ही गणितातील संज्ञा लावतात.

आवश्यकता : माणसास अर्धवट पत्त्यावरूनही घर सापडते, यंत्रास ही मुभा नसते. डोंबिवली हे नाव रोमन लिपीत एकाहून अधिक प्रकारे लिहितात, तर ठाण्याच्या रोमन वर्णलेखनात ब्रिटिश अमदानीपासून बदल झाले आहेत. म्हणून नावाऐवजी ठराविक घडणीचा संकेतांक मागणे श्रेयस्कर ठरते. टपाल खात्याचा पिन हा याचा उत्तम नमुना होय. संस्कृत कवी व टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिला विभाग, दुसरा उपविभाग व तिसरा वर्गीकरण-जिल्हा दर्शवितो. शेवटचे तीन अंक वाटप करणाऱ्या डाकघराचे असतात. ठाण्याचा ४००६०१, डोंबिवली पूर्वेचा ४२१२०१ व कल्याणचा ४२१३०१ हे पिन पाहता एकाच महसुली जिल्ह्यातील ही शहरे टपालाच्या दृष्टीने दोन वर्गीकरण-जिल्ह्यांत मोडतात, हे लक्षात येते. ‘सहा अंक, पहिला अंक शून्य नाही’ ही पिनची घोषणा झाली. पाच अंकी क्रमांक आल्यास माहितीसाठ्यात शोध न घेताच तो परत पाठविता येतो.

प्राचलांची स्थाने : प्राचल मागणीच्या चार भागांत येऊ शकतात. पिनवरून डाकघरे सांगणारी सेवा कल्पिल्यास पत्त्याच्या मार्गातच ४२१२०१ हे मूल्य येईल. मार्गातील प्राचल नेहमी अनिवार्य असतो. पत्त्याच्या अखेरीस प्रश्नचिन्हानंतर येणारे प्राचल बहुधा ऐच्छिक असतात. उदा., उत्तराचे कितवे पान हवे ते तेथे सांगतात; न सांगितल्यास घोषणेतील गृहीत मूल्य धरतात. मागणीच्या शीर्षकात भाषा, ओळखपत्र इ. गोष्टी असतात, तर चौथे स्थान कुकीचे होय. नव्या नोंदीसारखा मोठा मजकूर यांत न घालता मागणीच्या मुख्य भागात पाठवितात व त्याची घोषणा स्वतंत्रपणे करतात.

प्रकार व मर्यादा : अंकांत लिहिलेले प्रत्येक मूल्य संख्या नसते. कल्याण-डोंबिवलीचा दूरध्वनी-संकेतांक ०२५१ व ठाण्याचा ०२२ आहे. हा प्राचल पूर्णांक म्हणून घोषित केल्यास आरंभीचे शून्य गळून २५१ उरतात आणि चूक झाल्याचे कोणासही कळत नाही. ज्या अंकांची बेरीज-वजाबाकी करावयाची नसते, ते अक्षरमाला म्हणून घोषित करावेत, हा नियम यावरून निघतो. काही प्राचलांना ठरलेल्या यादीतीलच मूल्य चालते. परंतु यादीही बदलते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातील आठ तालुके वेगळे काढून पालघर जिल्हा स्थापन झाला. जिल्ह्यांची यादी घोषित करणाऱ्या सेवेत त्या दिवशी एका नावाची भर घालणे पुरेसे नव्हते. वसईसाठी ‘ठाणे’ असे पाठविणाऱ्या जुन्या आज्ञावलींना काय उत्तर द्यावयाचे, हेही ठरविणे भाग होते. म्हणून घोषणेस आवृत्तिक्रमांक देतात व जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवतात.

प्रतिसाद : प्रत्येक संभाव्य परिणामासाठी तीन अंकी स्थितिसंकेत व मजकुराचे स्वरूप घोषित करतात. २०० म्हणजे यश, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू नाही, ४०० किंवा ४२२ म्हणजे मागणी सदोष, तर ५०० म्हणजे सेवेचाच दोष. एका पिनखाली अनेक डाकघरे असू शकतात; म्हणून एकच डाकघर सापडले, तरी प्रतिसाद यादी म्हणूनच घोषित करणे योग्य ठरते. काही फ्रेमवर्कमध्ये घोषणेत नसलेली माहिती प्रतिसादातून आपोआप वगळली जाते. त्यामुळे नोंदीतील खाजगी तपशील अनवधानाने बाहेर जाण्यास आळा बसतो.

विकास : भिन्न आज्ञावलींमधील व्यवहाराच्या घोषणेसाठी कोर्बा (१९९१) या मानकात स्वतंत्र भाषा होती. महाजाल-सेवांसाठी २०११ मध्ये स्वॅगर ही वर्णनपद्धती पुढे आली. २०१५ मध्ये ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील उपक्रमाकडे सोपविण्यात आली व पुढे ओपनएपीआय या नावाने रूढ झाली. आरंभी असे वर्णन पुष्कळदा आज्ञावलीपासून वेगळे लिहीत. आज्ञावली बदले, वर्णन मात्र तसेच राही. पायथन भाषेतील फास्टएपीआय (२०१८) यासारख्या फ्रेमवर्कमध्ये फलनाच्या प्राचलांपुढे प्रकार लिहिला, की त्या एकाच नोंदीवरून मूल्यांची तपासणी, रूपांतर व वापरकर्त्यांसाठीचे वर्णन ही तिन्ही कामे होतात. सदोष मूल्य आल्यास कोणत्या स्थानी कोणता दोष आहे, हेही प्रतिसादात कळविले जाते.

मर्यादा : घोषणेने मूल्याची घडण तपासली जाते, सत्यता नव्हे. डोंबिवलीच्या रहिवाशाने ४२१२०१ ऐवजी ४२१३०१ लिहिले, तर घोषणेच्या दृष्टीने मागणी निर्दोषच ठरते. पत्र मात्र कल्याणला जाईल. अशा चुकांसाठी नाव व क्रमांक यांचा मेळ घालणारी निराळी तपासणी आवश्यक असते. तसेच घोषणा हा मागणारा व देणारा यांच्यातील करार असल्याने एका बाजूने पूर्वसूचनेशिवाय त्यात फेरफार केल्यास दुसऱ्या बाजूचे काम अडते. हा करार पाळला गेल्यास एकमेकांस अपरिचित असलेल्या लोकांनी लिहिलेल्या आज्ञावलीही परस्परांवर विसंबून काम करू शकतात.